रुळांपलीकडची आकारणी : रेल्वेमंत्री आणि राज्य शासनास खुले पत्र

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार,
माननीय नगरविकास मंत्री आणि माननीय ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : रेल्वे, वीज व दूरसंचार यंत्रणांच्या मालमत्तेची स्थानिक करासाठी आकारणी

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका जंक्शनच्या गावी, ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या कर विभागात मी एकोणतीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो आणि कर निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. अजूनही चतुर्थ वार्षिक आकारणीच्या, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या घरपट्टीच्या फेरआकारणीच्या, नोटिसा निघाल्या की शेजारपाजारचे लोक हरकत अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. या वर्षीही आले. त्यांच्या नोटिसा वाटल्या गेल्या त्याच आठवड्यात, नगरपरिषदेने रेल्वेच्या गावातील मालमत्तेपोटी पाठवलेले सेवा शुल्काचे (कराऐवजी, स्थानिक सेवांपोटी मागितलेल्या रकमेचे) देयक संबंधित कार्यालयाकडून ‘मालमत्ता केंद्र शासनाची असल्याने देय नाही’ एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आले. हे दोन्ही कागद मी एकाच टेबलावर पाहिले. वैयक्तिक अर्ज करून हा प्रश्न सुटणारा नाही, आणि तो माझ्या एकट्याच्या गावाचाही नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आकारणी कशी होते हे कार्यालयात बसून कळत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. शिपाई फितीचे एक टोक भिंतीच्या कोपऱ्याला धरतो, निरीक्षक दुसरे टोक ओढून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. रेल्वे फाटकाशेजारच्या वस्तीत एका विधवा मावशींची पत्र्याची खोली आम्ही अशीच मोजली होती. दहा बाय बारा. दारात पावसाचे पाणी येऊ नये म्हणून त्यांनी पुढे चार पत्रे टाकून पडवी काढली होती. नियमाप्रमाणे तीही मोजावी लागली. ‘साहेब, हे तर पावसापुरतं आहे,’ असे त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांची थकबाकी राहिली की दरमहा दोन टक्के शास्ती लागत असे, आणि वसुली मोहिमेत नळ तोडण्याच्या यादीत त्यांचे नाव येत असे. त्यांच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर रेल्वेची हद्द सुरू होते. आत मालधक्का (मालगाडीतला माल चढवण्या-उतरवण्याची जागा) आहे, गोदामे आहेत, क्वार्टर आहेत, पाण्याची टाकी आहे आणि वर्षानुवर्षे मोकळी पडलेली कित्येक एकर जमीन आहे. एकोणतीस वर्षांत माझी फीत त्या हद्दीच्या आत एकदाही गेली नाही.

मी रेल्वेच्या विरोधात लिहीत नाही. आमचे गाव रेल्वेमुळे वाढले, आमच्यातल्या निम्म्या घरांनी रेल्वेचा पगार पाहिला, आणि माझे वडीलही लोको शेडमध्ये होते. माझे म्हणणे आकारणीविषयी आहे. कर किती द्यायचा यावर मतभेद असू शकतात. परंतु मालमत्ता किती आहे, कुठे आहे आणि तिचे मूल्य काय, हे कोणत्याच दप्तरात गावाला पाहता येऊ नये, ही स्थिती मला मान्य नाही.

कायदा काय सांगतो ते आधी मांडतो, कारण परत आलेल्या शेऱ्यात कायद्याचे अर्धेच वाक्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ नुसार संघराज्याच्या मालमत्तेवर राज्याला किंवा राज्यातल्या कोणत्याही प्राधिकरणाला कर लावता येत नाही, हे खरे. परंतु त्याच अनुच्छेदात ‘संसदेने कायद्याने अन्यथा तरतूद केली नसेल तर’ असा अपवाद आहे, आणि रेल्वेच्या बाबतीत संसदेने तशी तरतूद केलेलीही आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १८४ म्हणते की केंद्र शासनाने अधिसूचना काढून एखादा स्थानिक कर देण्यास रेल्वे प्रशासन बांधील असल्याचे जाहीर केले, तर तो कर, किंवा त्याऐवजी केंद्राने नेमलेला अधिकारी सर्व परिस्थिती पाहून वाजवी ठरवील ती रक्कम, रेल्वेने स्थानिक संस्थेला द्यायची आहे. ही कल्पना नवीन नाही. १९४१ च्या रेल्वे स्थानिक कराधान अधिनियमात अशी वाजवी रक्कम ठरवणारा अधिकारी उच्च न्यायालयाचा किंवा जिल्हा न्यायाधीश असावा किंवा पूर्वी राहिलेला असावा, इतकी काळजी घेतलेली होती. शिवाय कलम १८४ मध्येच पाणी, दिवाबत्ती, साफसफाई यांसारख्या सेवांसाठी रेल्वेने स्थानिक संस्थेशी करार करण्यास मुभा ठेवली आहे. म्हणजे दार कायद्याने बंद केलेले नाही. त्याची किल्ली केंद्र शासनाच्या हाती आहे आणि ती फिरवलेली नाही.

अनुच्छेद २८५ चाच दुसरा भाग असा की संविधान लागू होण्याच्या लगेच आधी एखाद्या मालमत्तेवर जो कर लागत होता, तो संसदेने वेगळे ठरवेपर्यंत चालू राहू शकतो. आमच्या भागात यातून मोठी अडचण होते. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथली रेल्वेही संस्थानाची होती, आणि जुनी दप्तरे उर्दूत आहेत. मी नोकरीत असताना अभिलेख कक्षातल्या कपाटातून त्या काळची एक मागणी नोंदवही काढली होती. पाने वाळवीने खाल्लेली, शाई पसरलेली. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना बसवून चार दिवस ती वाचून घेतली. रेल्वेविषयी काहीतरी नोंद होती, पण तिच्यावरून कर सिद्ध होईल इतकी ती शाबूत नव्हती. एखाद्या गावाचा हक्क १९५० पूर्वीचे पान वाळवीतून वाचले की नाही यावर अवलंबून राहावा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

न्यायालयाचा मार्गही आमच्या परिसराने पाहिला आहे. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा नगरपरिषदेने रेल्वेकडे सेवा शुल्क मागितले होते. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. नगरपरिषदेने अशी मागणी करू नये असे ठरले. पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावाने स्वतःच्या तुटपुंज्या निधीतून दिल्लीपर्यंत लढून हे ऐकले. त्यानंतर राजकोट महानगरपालिकेच्या आणि तिच्यासोबतच्या प्रकरणांत १९ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयात भारत सरकारने स्वतःच एक सूत्र मान्य केले. मालमत्ता कर द्यायचा नाही, पण सेवा शुल्क द्यायचे : स्थानिक संस्थेच्या सर्व सेवा वापरल्या तर खासगी मालकाला लागणाऱ्या कराच्या ७५ टक्के, काही सेवा वापरल्या तर ५० टक्के, आणि एकही सेवा वापरली नाही तरी ३३.३३ टक्के. पुढच्याच महिन्यात नगरविकास मंत्रालयाने तसे परिपत्रकही काढले. या सूत्राला माझा मुळीच विरोध नाही. किंबहुना ‘आमच्या वसाहतीचे पाणी आमचे, रस्ते आमचे, सफाई आमची’ या रेल्वेच्या नेहमीच्या म्हणण्याला त्यात न्याय दिलेला आहे, कारण सेवा न घेणाऱ्याला दोन तृतीयांश सूट मिळते. मात्र राजकोट ही महानगरपालिका होती, आणि लहान नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत देयक घेऊन गेली की तिला पुन्हा अनुच्छेद २८५ ची पहिली ओळ वाचून दाखवली जाते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार मोजणीची आहे. सेवा शुल्क ठरवायचे तर त्याआधी खासगी मालकाला किती कर लागला असता हे काढावे लागते; त्यासाठी बांधकामाचे क्षेत्र, वापर आणि वय लागते. ही माहिती मागणारी पत्रे आम्ही वर्षानुवर्षे लिहिली. कधी उत्तर आले नाही, कधी ‘वरिष्ठ कार्यालयाशी संपर्क साधावा’ असे आले. सामान्य नागरिकाने मोजणीला नकार दिला तर आम्ही अंदाजे आकारणी करून मोकळे होतो. इथे अंदाजाने देयक पाठवले की ‘आधार काय’ म्हणून ते परत येते, आणि आधार मागितला की दार उघडत नाही.

दुसरी तक्रार भाराची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. आमच्या मालधक्क्यावर खताचा किंवा सिमेंटचा रेक लागतो. ४२ वाघिणींचा एक रेक म्हणजे सुमारे २,६०० टन माल. तो ठराविक तासांत रिकामा केला नाही तर विलंब शुल्क लागते, म्हणून ट्रकांची रांग रात्रंदिवस चालते. दहा टनी ट्रक धरले तर एका रेकमागे अडीचशेहून अधिक फेऱ्या होतात. हे सगळे ट्रक मालधक्क्यापासून राज्य महामार्गापर्यंतचा दीड किलोमीटर रस्ता वापरतात आणि तो रस्ता नगरपरिषदेचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, खरिपासाठी खताचे रेक लागतात तेव्हा, त्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे असतात. शाळेतली मुले सायकली हातात धरून कडेने चालतात. सिमेंटचा रेक असेल त्या दिवशी रस्त्यालगतच्या घरांतल्या बायका बाहेर कपडे वाळत घालत नाहीत. वाघिणींचे भाडे रेल्वेला मिळते, आणि खडीकरणाचा खर्च फाटकाशेजारच्या त्या मावशींच्या घरपट्टीतून होतो. प्रवासी भाडे परवडणारे ठेवण्यासाठी रेल्वे मोठा भार सोसते, हे मी जाणतो. परंतु तो भार देशाने सोसायचा आहे, रेल्वेमार्गावर योगायोगाने वसलेल्या गावांनी नव्हे.

तिसरी तक्रार व्यापारी वापराची आहे. रेल्वेच्या जमिनीची किंमत ठरवता येत नाही, हे कारण आता उरलेले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या जमीनविषयक धोरणानुसार माल टर्मिनलसारख्या कामांसाठी रेल्वेची जमीन ३५ वर्षांपर्यंत, जमिनीच्या बाजारमूल्याच्या वार्षिक दीड टक्के दराने भाडेपट्ट्यावर देता येते. म्हणजे भाडे घ्यायचे असते तेव्हा बाजारमूल्य काढले जाते आणि दरवर्षी त्यात ठराविक वाढही धरली जाते. त्याच जमिनीवर खासगी कंपनी नफ्यासाठी गोदाम बांधते, तेव्हा ते बांधकाम संघराज्याचे नसते. त्याला अनुच्छेद २८५ ची छाया मिळण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तरीही आकारणीचा कर्मचारी गेटवर पोहोचला की ‘ही रेल्वेची जागा आहे’ असे सांगून परत पाठवला जातो. रस्त्यापलीकडच्या आडत दुकानदाराला बिगरनिवासी दराने पूर्ण कर लागतो, आणि तो मला विचारतो, ‘माझ्या गोदामात नि त्या कंपनीच्या गोदामात फरक कोणता?’

चौथी बाब केवळ रेल्वेची नाही. विजेचे उपकेंद्र, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे, मोबाइल टॉवर, रस्त्याखालच्या केबली आणि गॅसवाहिन्या या सगळ्यांची गोष्ट कमीअधिक तीच आहे. वीज मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन कंपन्या झाल्या. कंपनी ही संघराज्याची मालमत्ता नव्हे. तरी खांब आणि रोहित्रांचा विषय निघाला की ग्रामपंचायतींना कर लावू नका असे सांगितले जाते, आणि पथदिव्यांचे देयक थकले की मात्र वीज तोडली जाते. मोबाइल टॉवरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये, अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात, टॉवर हे ‘जमीन व इमारती’ या संज्ञेत येतात आणि त्यांवर मालमत्ता कर लावता येतो असे स्पष्ट केले होते. अनेक ग्रामपंचायतींच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, टॉवर हीच सर्वांत मोठी नोंद ठरली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम १४ ने असे म्हटले की मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे, त्या मालमत्तेवरील मालमत्ता करासाठीसुद्धा, त्या मालमत्तेचा भाग मानले जाणार नाही. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. नमुना ८ मधल्या टॉवरच्या नोंदीचे आता काय करायचे, हे राज्य शासनाने ग्रामपंचायतींना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ते होत नाही तोवर ग्रामपंचायत अधिकारी वसुली करायलाही बिचकतात आणि नोंद कमी करायलाही.

पंधराव्या वित्त आयोगाने शहरी स्थानिक संस्थांना अनुदान देताना अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढावी. अट योग्य आहे. पण ज्या गावाच्या हद्दीतली सर्वांत मोठी मालमत्ता आकारणीबाहेर आहे, त्या गावाने ही वाढ कुठून आणायची? उरलेल्या घरांकडून. या वर्षीच्या नोटिसांत नेमके तेच झाले आहे.

अडचणीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लांबच लांब पसरलेल्या यंत्रणेचे मूल्य एका गावाने काढावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. कोकण रेल्वेवरचा करबुडेचा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. तो डोंगराच्या पोटातून ज्या गावांखालून जातो, त्यांतल्या कोणत्या ग्रामपंचायतीने तो कोणत्या रेडीरेकनर दराने (शासनाने ठरवलेल्या बाजारमूल्य दराने) मोजायचा? एका गावच्या हद्दीतले रूळ उखडून विकले तर भंगाराचा भाव येईल. ते रोह्यापासून ठोकूरपर्यंत जोडलेले आहेत म्हणून त्यांना किंमत आहे. सिग्नल, तारा, वाहिन्या सगळ्यांचे असेच आहे. म्हणून अशा मालमत्तेचे मूल्य अखंड एकक म्हणून काढावे आणि मग वाटून द्यावे, हाच सरळ मार्ग आहे.

तो नवाही नाही. अमेरिकेत रेल्वे कंपन्या प्रामुख्याने खासगी आहेत आणि त्या मालमत्ता कर देतात. त्यांची आणि वीज, दूरध्वनी कंपन्यांची आकारणी बहुतेक राज्यांत गावोगावचे आकारणी अधिकारी करत नाहीत, राज्यस्तरीय मंडळ किंवा विभाग करतो. कॅलिफोर्नियात तर राज्यघटनेनेच हे काम राज्याच्या मंडळाकडे दिले आहे. संपूर्ण यंत्रणेचे मूल्य एकदा काढले जाते, राज्याचा वाटा ठरतो, आणि मार्गाची लांबी व तिथे असलेली मालमत्ता यांसारख्या निकषांवर तो स्थानिक संस्थांमध्ये विभागला जातो. रेल्वेवर अन्याय होऊ नये म्हणून तिथे १९७६ च्या संघीय कायद्याने अशी बंदी घातली की रेल्वेच्या मालमत्तेची आकारणी इतर व्यापारी व औद्योगिक मालमत्तेपेक्षा चढ्या प्रमाणात करता येणार नाही. आपली रेल्वे सरकारी आहे, म्हणून तिथली पद्धत जशीच्या तशी उचला असे मी म्हणत नाही. मोजणी एकदा, एका ठिकाणी, सर्वांना दिसेल अशी व्हावी आणि रेल्वेलाही जाच होऊ नये, एवढे तिच्यातून घेण्यासारखे आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

रेल्वे मंत्रालयाने कलम १८४ खाली महाराष्ट्रातील नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींसाठी अधिसूचना काढावी. ते लगेच शक्य नसेल तर २००९ चे ७५, ५० आणि ३३.३३ टक्क्यांचे सूत्र या सर्व संस्थांना लागू असल्याचा लेखी आदेश प्रत्येक विभागीय कार्यालयाला द्यावा, आणि त्याची प्रत जाहीर करावी.

प्रत्येक स्थानिक संस्थेच्या हद्दीतील रेल्वेची जमीन, इमारती, त्यांचा वापर आणि भाडेपट्टे यांची यादी संयुक्त मोजणी करून एका वर्षात तयार व्हावी व ती नागरिकांना पाहता यावी. सुरक्षेच्या कारणास्तव जे उघड करता येत नाही ते वगळावे. मालधक्का आणि क्वार्टर यांत गुप्त असे काही नाही.

रेल्वेच्या जमिनीवर खासगी भाडेपट्टाधारकाने केलेल्या बांधकामावर स्थानिक मालमत्ता कर पूर्ण दराने लागेल, अशी अट यापुढील प्रत्येक भाडेपट्ट्यात असावी, आणि आकारणी कर्मचाऱ्यांना तिथे प्रवेश मिळावा.

राज्य शासनाने रेल्वे, वीज, दूरसंचार आणि वाहिन्या अशा एकाहून अधिक स्थानिक हद्दींत पसरलेल्या मालमत्तांसाठी राज्यस्तरीय आकारणी प्राधिकरण कायद्याने स्थापन करावे. त्यात नगररचना व मूल्यनिर्धारण जाणणारे अधिकारी, स्थानिक संस्थांचे आणि त्या त्या यंत्रणांचे प्रतिनिधी असावेत. हरकती ऐकण्याची मुदत ठरलेली असावी. आणि विलंब झाल्यास नागरिकाला जी शास्ती लागते तीच या यंत्रणांनाही लागावी. तोपर्यंत टॉवरच्या नोंदींबाबत ग्रामविकास विभागाने एक स्पष्ट परिपत्रक काढावे.

शेवटची मागणी लहान आहे. ज्या मालधक्क्यांवरून अवजड वाहतूक नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर उतरते, तिथे त्या रस्त्याच्या देखभालीसाठी कलम १८४ मधल्या कराराच्या मुभेच्या धर्तीवर रेल्वेने स्थानिक संस्थेशी करार करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढचा खरीप येण्याआधी हे होऊ शकते.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको; ते माझ्या गावच्या नगरपरिषदेला आणि तिच्यासारख्या सर्व संस्थांना मिळावे. मी कार्यालयात केलेल्या पत्रव्यवहाराच्या तारखा, परत आलेल्या देयकांच्या प्रती आणि त्या जुन्या नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे माझ्याकडे नीट लावून ठेवलेली आहेत. आपण चौकशीसाठी कोणाला पाठवले तर ती घेऊन मी हजर राहीन, आणि मालधक्क्याचा रस्ताही सोबत चालून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कर निरीक्षक, मराठवाडा